तीन ऑक्टोबरची सीतादही

यवतमाळ,
रविवार, ११ फेब्रुवारी २०१८

प्रिय संगीता,

शाम परवा तिन्ही खोकी पोचवून गेला. मी ती तशीच ठेवून घेणार होते, पण त्यानं, तुझ्या नवऱ्यानं, उघडून दाखवायचा हट्टच धरला. आरसे एका डब्यात, कवड्या दुसऱ्यात, लाल-निळ्या कापडाचे तुकडे घड्या घालून, आणि सुयांची डबी सगळ्यांत वर. पाहुणा दुसऱ्याच्या घरून निघताना खोली आवरून जातो तसं आवरलेलं. संक्रांतीला तुझा मेसेज आला होता, 'होळीनंतर मी नाही, सामान पाठवते.' होळीला अजून तीन आठवडे आहेत आणि सामान आलंसुद्धा. मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, तिसऱ्यांदा केला नाही. आपलं 'सुईदोरा' हे ऑनलाइन दुकान तुझ्याशिवाय चालणार नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तरी तुझी मनधरणी करायला हे पत्र लिहीत नाही. मला चार वर्षांची एक गोष्ट ओळीनं लिहून काढायची आहे. तुला त्यातलं बहुतेक ठाऊक आहे, पण तारीखवार लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. परीक्षेच्या आधी अभ्यास कमी आणि वेळापत्रकं जास्त करणारी पोरगी म्हणून तुझ्या होस्टेलभर माझी चेष्टा कुणी केली होती, ते मी विसरलेले नाही.

आपण दुकान काढलं तेव्हा वाटणी सोपी होती. हात तुझ्याकडे, तारखा माझ्याकडे. आर्णीच्या बसस्टँडवर तू दहा वर्षांनी भेटलीस आणि मी तुझ्याआधी तुझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, हे तू अजून लोकांना सांगतेस. खरंच आहे ते. मी नागपूरची नोकरी सोडून बाबांजवळ येऊन राहिले होते, काय करावं ते कळत नव्हतं आणि ती पिशवी सुंदर होती. ती तुझ्या आईनं, मानीबाईंनी केली होती. आठ दिवसांनी मी तुमच्या बंजारा तांड्यावर आले, त्यांना 'तुम्ही' म्हणाले, तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. 'याडी म्हणते ना संगीता मले? मंग तूबी याडी म्हण. आन् याडीले कोणी तुमी म्हणते का?' तेव्हापासून माझ्याही तोंडी याडीच. तुझ्या तांड्यावरच्या अकरा बायका, त्यांच्यात याडीचा हात सगळ्यांत बारीक, आणि इकडे यवतमाळात मी, एक कॉम्प्युटर आणि बाबा. बाबा, आमचे सदाशिवराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि पार्सलवर पत्ते लिहायला मिळाले म्हणून खूश होते. माझा छापील पत्ता त्यांना कधी पटला नाही, अजून पटत नाही.

लहान दुकानाला वर्षातून एकच सेल झेपतो. बाराही महिने सूट दिली तर मूळ भावावर कुणाचा विश्वास राहत नाही. एक सेल, दहा दिवस, आणि वर्षाचा निम्मा माल त्यातच जातो. तारीख चुकली की अकरा बायकांचं काम खोक्यात पडून राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांना सुई धरा म्हणायला तोंड राहत नाही. म्हणून तारखेचं मी एवढं मनावर घ्यायचे. तुला ते खूळ वाटायचं. पहिल्या वर्षी मी धनतेरसला सेल उघडला. लोक दिवाळीला खरेदी करतात एवढं मला माहीत होतं, आणि त्यापुढचा विचार केलेला नव्हता. ऑर्डरी आल्या, चांगल्या आल्या. तू फोनवर ऐकून घेतलंस आणि शांतपणे विचारलंस, 'बाई, धनतेरसले मागवलेली पिशवी भाऊबीजेले कशी पोचन? आर्णीहून काय विमान उडते का?' शिवाय माल अर्धवट होता आणि बायका वावरात कापूस वेचत होत्या. बहुतेक पिशव्या तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पोचल्या. ठाण्याच्या एका बाईंनी लिहिलं की भाऊबीजेची भेट आता पुढच्या भाऊबीजेला देईन, ठेवून दिली आहे. त्या बाई अजून आपल्याकडून घेतात, म्हणून मला त्यांचं नाव लक्षात आहे.

दुसऱ्या वर्षीची चूक फक्त यवतमाळचाच माणूस करू शकतो. बाबा म्हणाले, दिवाळीत कशाला घाई, आपल्याकडे बाजार उठतो तो कापूस विकल्यावर. यवतमाळात कापूस विकल्याशिवाय कोणी साधा रुमाल घेत नाही. मी लहानपणापासून हेच पाहिलेलं. मेन लाइनवरची दुकानं जानेवारीत भरतात, साड्या, भांडी, मोटारसायकली, सगळं तेव्हाच. मला ते इतकं उघड वाटलं की मी पडताळून पाहिलं नाही. संक्रांतीला सेल लावला आणि वर पाटी टाकली, 'कापूस विकला, आता खरेदी.' दहा दिवसांत नऊ ऑर्डरी आल्या, त्यातल्या तीन माझ्या मामेबहिणीच्या, आभाच्या. बेंगळुरूहून एकानं विचारलं, कापूस तुम्ही विकला की आम्ही विकायचा आहे? आपलं गिऱ्हाईक पुण्यात आणि बेंगळुरूत पगारावर बसलेलं. त्यांचे पैसे दिवाळीत आणि नाताळात संपलेले. तू तेव्हा पाच मिनिटं हसत होतीस. 'पुण्याची बाई काय कापूस इकून पर्स घेते?' मी चिडले होते, पण फोन ठेवल्यावर मीही हसले. ते वर्ष वाईट गेलं, तरी मला ते आवडतं.

तिसऱ्या वर्षी अक्कल तुझी होती. होळीपासून मृगापर्यंत बायका मोकळ्या असतात, तेव्हा माल करून ठेवू आणि सेल दसरा-दिवाळीच्या मधे लावू, म्हणालीस. तारीख ठरत नव्हती. मोठ्या कंपन्यांचे सेल नवरात्रात सुरू होतात, त्यांच्या गर्दीत आपला आवाज पोचत नाही. फार पुढे गेलं की पार्सलं उशिरा. मी माल न्यायला ऑक्टोबरच्या मध्याला तांड्यावर आले, तर घरी कुणी नव्हतं. सगळ्या वावरात. तुमच्याकडे त्या दिवशी सीतादही होती. आमच्या घरी शेती नाही, त्यामुळे मी नुसतं नाव ऐकलेलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाशी, पाच दगड मांडून त्यांना चुना लावलेला, हळदकुंकू वाहिलेलं, पानावर दहीभात. याडीनं पहिल्या बोंडातला कापूस काढून त्याचा धागा ओढला, पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, गुंडाळला आणि ओंजळीनं दहीभात चारी बाजूंना वावरात फेकला. वेचता वेचता होळी येऊ दे, असं काहीसं म्हणाली. तिच्या अंगावर जुनी फेटिया-कांचळी, तुमची घागरा-चोळी, होती, आरशांवर ऊन पडलेलं, मागे कमरेइतकी पांढरीशुभ्र पऱ्हाटी. मी मोबाइल काढला तर ती म्हणाली, 'फोटो नंतर काढजो, आंधी दहीभात खाय.' मी दहीभात खाल्ला आणि मग फोटो काढला. हा क्रम तेव्हा बरोबर होता.

तो फोटो मी त्याच दुपारी आपल्या दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकला आणि खाली लिहिलं, 'आज आमच्या वावरात वेचणीचा पहिला दिवस. आजपासून सेल.' संध्याकाळपर्यंत वर्षभरात आली नव्हती एवढी माणसं पान पाहून गेली. मी त्याची कारणं शोधली, शोधायची सवयच आहे. मोठ्यांचे सेल नुकतेच संपले होते, दिवाळीला पंधरा दिवस होते, पार्सल वेळेत जाईल असा तो शेवटचा आठवडा होता. तू म्हणालीस, 'आमच्या पऱ्हाटीले ठाऊक होतं, तुलेच नव्हतं.' उन्हाळ्यात केलेला सगळा माल गेला. पंधरा उशांचे अभ्रे तर दोनदा विकले गेले, एकदा चुकून. त्या दिवशी मी माझ्या वहीत लिहून ठेवलं की सेलची तारीख म्हणजे सीतादहीची तारीख. ती वही आता माझ्यासमोर आहे. त्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

इथून पुढचं मी अधिक काळजीपूर्वक लिहिते. गेल्या वर्षी दिवाळी लवकर आली, एकोणीस ऑक्टोबरला. मी ऑगस्टमधेच कॅलेंडर घेऊन बसले आणि उलटं मोजत आले. पार्सलला आठ दिवस, सेलला दहा, थोडे पुढेमागे. तारीख निघाली मंगळवार, तीन ऑक्टोबर. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना मेल गेले: 'तीन ऑक्टोबरला आमच्या वावरात सीतादही. वेचणीचा पहिला दिवस, सेलचा पहिला दिवस.' आधीच्या वर्षी सीतादहीवरून सेल ठरला होता. गेल्या वर्षी सेलवरून सीतादही ठरली. तू तेव्हा एवढंच म्हणालीस, 'कापूस काय तारीख पाहून फुटते?' मी म्हणाले, चारदोन बोंडं तर फुटली असतील, फोटोला तेवढी पुरतात. तू काही बोलली नाहीस आणि मी ते होकारात धरलं. तू बोलली नाहीस की मी ते होकारात धरते, हे आता मागे वळून पाहिल्यावर पुष्कळ ठिकाणी दिसतं.

एकोणतीस सप्टेंबरला तुझा फोन आला. त्या दिवसांत इथल्या पेपरात रोज फवारणीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या होत्या, सरकारी दवाखाना त्या माणसांनी भरलेला होता आणि शामनं फवारायला जायचं सोडून दिलं होतं. मी आधी त्याचीच चौकशी केली, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. तू म्हणालीस, शाम बरा आहे. मग म्हणालीस, 'बोंडं फोडून पाह्यली. आत गुलाबी अळी हाय. सरकी खाऊन टाकली, रुई पिवळी पडली. याडी म्हणते, यंदा फुटल्यावर पाहू, आता काही मांडत नाही.' मी विचारलं, सगळ्या वावरात? तू म्हणालीस, साऱ्या तांड्याच्या. मी म्हणाले, मेल गेलेले आहेत. त्यानंतर फोटोपुरती सीतादही मांडायची असं ठरलं. कापूस बाहेरून आणून लावायचा असंही ठरलं. ही कल्पना नेमकी कुणाची होती यावर मी डिसेंबरभर स्वतःशी वाद घातला आणि दर वेळी 'ठरलं' या शब्दापाशी थांबले.

तीन ऑक्टोबरला मी सकाळच्या गाडीनं आर्णीला उतरले, शामनं मोटारसायकलवरून तांड्यावर आणलं. वावर दुरून हिरवं दिसत होतं. जवळ गेल्यावर बोंडांवरची भोकं दिसली. याडी धुऱ्यावर बसली होती, तूच सांगितलंस म्हणून फेटिया-कांचळी घालून आली होती, आणि दगड मांडलेले नव्हते. मी पिशवीतून कापूस काढला. ती म्हणाली, 'हा कोणाच्या वावरातला?' मी म्हणाले, विकतचा आहे. ती म्हणाली, 'इकतच्या कापसाची सीतादही कोणी मांडते का? नको.' मी म्हणाले, याडी, नुसता फोटो आहे, पूजा नाही. तिनं दहीभाताच्या पानाकडे बोट दाखवलं. 'मंग दहीभात कायले आणला?' मी म्हणाले, फोटोत दिसायला. तेव्हा तिनं तुझ्याकडे पाहिलं. तू जमिनीकडे पाहत होतीस. मग ती उठली, 'नको वाटते मले,' असं पुन्हा म्हणाली आणि दगड गोळा करायला गेली. मी आणि तू मिळून सातआठ झाडांवरच्या किडक्या बोंडांत तो कापूस खोचला. वाऱ्यानं उडत होता, म्हणून मी तो दोऱ्यानं बांधला. अर्धा तास लागला. याडीनं दहीभात फेकला, मागच्यासारखाच ओंजळीनं, पण तोंडानं काही म्हणाली नाही. फोटो उत्तम आला. निघताना मी बांधलेला कापूस सोडवून परत पिशवीत भरला, कारण तो शिलाईत भरायला चालला असता. हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

तो आपला आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला सेल झाला. हेही लिहायलाच हवं, कारण तो पडला असता तर मी हे सगळं केव्हाच मान्य केलं असतं. सहाव्या दिवशी माल संपला. लोकांनी फोटोखाली लिहिलं की असं खरं काहीतरी हल्ली पाहायला मिळत नाही. मी प्रत्येकाला धन्यवाद दिले. दिवाळीनंतर तुम्ही पऱ्हाटी उपटली, त्यात ढोरं सोडली, हे तू एका ओळीत कळवलंस, आणि मी उत्तरात विचारलं की मग बायका आता मोकळ्या असतील तर नाताळासाठी थोडे बटवे होतील का. त्याखाली मी लिहिलं होतं, 'एका अर्थी बरंच झालं.' तुझं उत्तर आलं, 'विचारते.' बटवे झाले नाहीत. नोव्हेंबरात याडीनं सुई खाली ठेवली असं तू म्हणालीस. मी विचारलं, डोळे का? तू म्हणालीस, डोळे चांगले आहेत. मी डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला.

कारण मला परवा कळलं, आणि तेही शामकडून. खोकी दाखवून झाली, बाबांनी त्याला चहा दिला. मी विचारलं, संगीता माझ्यावर एवढी का रागावली? तो म्हणाला, 'रागावली नाही, थकली ती. याडीले सांभाळून राह्यली.' आणि मग त्यानं सांगितलं. याडी दिवाळीपासून तांड्यावर घरोघरी जाते. ओसरीवर बसते आणि सांगते, 'मी इकतचा कापूस बांधून सीतादही मांडली, म्हून वावरानं पाठ फिरवली. माह्या एकटीच्याच नाही, तुमच्याबी.' लोक समजावतात, पाणी देतात, परत पाठवतात. ती दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जाते. काही जण आता समजावत नाहीत, नुसतं ऐकून घेतात, आणि दोघातिघांना ते खरंही वाटू लागलंय. तू रोज संध्याकाळी तिला शोधून घरी आणतेस. शाम हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता, बाबांकडे पाहत होता. बाबांनी त्याला पुन्हा चहा दिला. तो गेल्यावर त्यांनी त्या दिवशीची पार्सलं लिहिली नाहीत.

अळी सीतादहीच्या आधीच आलेली होती. तुझा फोन एकोणतीसचा, फोटो तीनचा. मला तारखा येतात, आणि तारखेनं याडीवर कसलाच दोष येत नाही. हे तू तिला शंभरदा सांगितलं असशील. कृषी विभागाचा माणूस येऊन सांगून गेला, सारा जिल्हा असाच गेला, हे शामही म्हणाला. मला स्वतःला वावर रुसतं वगैरे काही पटत नाही, आणि पटतं असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण पटो न पटो, ज्या कामाला ती नको म्हणत होती ते काम तिच्या हातून मी करून घेतलं, आणि चार महिने त्याचं ओझं तिनं एकटीनं वाहिलं. मी तेवढ्यात दोनदा पानावरचा फोटो मोठा केला. परवा रात्री तो काढून टाकला. मला लाज वाटते, संगीता. तुझ्या तोंडावर मला हे म्हणता आलं नसतं, आणि तू फोन उचलला असतास तर मी बहुधा पुन्हा शामच्या तब्येतीपासून सुरुवात केली असती. दुकानाचं उत्तर मी मागत नाही. खोकी इथे राहतील. यंदा तारीख काढलेली नाही आणि काढणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते. याडी तुझं ऐकत नाही, कारण लेक आपल्याला वाचवायलाच बोलणार असं तिला वाटतं. सरकारी माणसाचं ऐकत नाही, कारण त्याला सीतादही ठाऊक नाही. आणि मी फोनवर तिच्या एकटीच्या कानात सांगून उपयोग नाही, कारण ती साऱ्या तांड्याला सांगून बसली आहे. म्हणून इथून खालचं तू तांड्याच्या प्रमुखांच्या, धरमसिंग नायकांच्या ओट्यावर, माणसं जमवून, याडीला समोर बसवून मोठ्यानं वाच. वरचं वाचू नकोस, ते तुझं आहे. मी गुंजन, सदाशिवरावांची मुलगी, राहणार यवतमाळ, माझ्या हातानं लिहिते. मागच्या तीन ऑक्टोबरला मानीबाईंच्या वावरात जो कापूस बांधला, तो मी यवतमाळच्या गादीवाल्याकडून आणला होता. कल्पना माझी होती, संगीताची नव्हती, शामची नव्हती. मानीबाई मला नको म्हणाल्या. संगीतासमोर म्हणाल्या, एकदा नाही, दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं नाही. मी पाहुणी होते आणि लेकीचं काम माझ्याशी बांधलेलं होतं, म्हणून त्या उठल्या. त्यात पाप असेल तर ते माझं, दोष लागायचा असेल तर तो माझ्या नावावर लागू दे, तांड्यानं मला जे म्हणायचं ते म्हणावं. याडी, तू काही केलेलं नाहीस. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते. तू ज्या ज्या घरी जाऊन सांगून आलीस, त्या प्रत्येक घरी मी जाईन, ओसरीवर बसेन आणि हेच पुन्हा सांगेन, एकही दार सोडणार नाही. तू आता कुठे जाऊ नकोस. तू घरी बस, मी जाऊन येते.

तुझीच,
गुंजन